पोथी कोणी लिहवून घेतली?

परशुरामानं बाण मारून समुद्र मागं हटवला आणि कोकण वर आलं, ही कथा गोव्यात लहान पोरालाही ठाऊक असते. बाणावलीचं नावसुद्धा त्याच बाणाशी जोडतात. पण ज्या ग्रंथाच्या नावावर ही कथा सांगितली जाते, तो सह्याद्रिखंड छापून लोकांच्या हाती आला १८७७ साली, मुंबईत. संपादक होते हडफड्यात जन्मलेले डॉ. जेर्सन द कुन्हा. धर्मानं ख्रिस्ती, पेशानं वैद्य, नाण्यांचे जाणकार. आपल्याकडच्या ब्राह्मणांच्या उत्पत्तीचा पुरावा म्हणून जो ग्रंथ शंभरेक वर्षं एकमेकांच्या तोंडावर फेकला गेला, त्याची पहिली संस्कृत छापील प्रत एका गोवेकर ख्रिस्ती डॉक्टरानं सिद्ध केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वसाहतीच्या काळातलं ज्ञान आणि हिंदू समाजातल्या सुधारणेच्या चळवळी यांचं नातं समजून घ्यायचं तर राममोहन रॉयपासून सुरुवात करण्याची चाल आहे. गोव्यातल्या माणसानं या पुस्तकापासून सुरुवात करावी.

द कुन्हांनी १४ हस्तलिखितं ताडून पाहिली आणि पाठभेद नोंदवले. हे काम कसं चालतं ते माहीत असेल तरच पुढचे घोटाळे कळतात. आधी पोथ्या मिळवायच्या. मग त्यांतली एक आधारप्रत धरायची आणि बाकीच्या प्रती श्लोकागणिक तिच्याशी ताडायच्या. जिथं फरक पडतो तिथं कुठल्या प्रतीत काय आहे ते तळटीपेत द्यायचं. त्यानंतर कुठला पाठ मूळचा, कुठला नकलकाराच्या चुकीचा आणि कुठला मुद्दाम घुसवलेला, हे ठरवायचं. चुका ओळखायची सवय लागते: घ आणि ध, प आणि य, भ आणि म, व आणि च ही अक्षरं नकलकाराच्या डोळ्यांना एकसारखी दिसतात. एकाच शब्दानं संपणाऱ्या दोन ओळी जवळजवळ आल्या की मधली ओळ गळते. या चुका निरागस असतात. निरागस नसतं ते गावांच्या आणि गोत्रांच्या याद्यांमध्ये. तिथं एक नाव जास्त किंवा एक नाव कमी होण्यात कुणाचा तरी मानपान गुंतलेला असतो.

सह्याद्रिखंडात अशाच याद्या आहेत. परशुरामानं त्रिहोत्राहून (हे बिहारमधलं तिरहुत मानतात) दहा गोत्रांचे ब्राह्मण आणून गोमांचलात म्हणजे गोव्यात वसवले, त्यांच्याबरोबर मांगिरीश, शांतादुर्गा, म्हाळसा, नागेश, सप्तकोटेश्वर हे देव आले, अशी एक हकिकत आहे. दुसरीकडे पातित्यग्रामनिर्णय नावाचा भाग आहे, त्यात कुठल्या गावचे ब्राह्मण कशामुळं पतित झाले ते सांगितलंय. चित्पावनांचं मूळ चितेशी जोडणारी कथाही याच ग्रंथात येते आणि त्या रागातून पेशवाईत पोथ्या जाळल्या गेल्या अशी वदंता होती. म्हणजे हा ग्रंथ छापण्याआधीही भांडणाचाच होता. पण हस्तलिखित पोथीचं भांडण गावापुरतं, मठापुरतं राहतं. छापल्यावर तेच भांडण मुंबईच्या वर्तमानपत्रात, कारवारच्या कचेरीत आणि फोंड्याच्या देवळाच्या चौकात एकाच वेळी सुरू होतं, आणि प्रत्येकाच्या हातात तोच पानाचा आकडा असतो.

शेणवी म्हणजे गोव्याकडचे सारस्वत ब्राह्मण षट्कर्मी की त्रिकर्मी, हा वाद जुना. यजन, याजन, अध्ययन, अध्यापन, दान, प्रतिग्रह ही सहा कर्मं. मासे खाणाऱ्याला याजन, अध्यापन आणि प्रतिग्रह यांचा अधिकार नाही, असं देशावरच्या ब्राह्मणांचं म्हणणं. त्या वादाला १८७७नंतर छापील पुरावा मिळाला. १८८४ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांचं 'सरस्वतीमंडळ' आलं. हे तेच गुंजीकर ज्यांनी विविधज्ञानविस्तार हे मासिक सुरू केलं. साष्टीकर, बारदेशकर, पेडणेकर, कुडाळदेशकर असे वेगवेगळे राहणारे, एकमेकांत रोटी-बेटी न करणारे गट एका 'गौड सारस्वत' नावाखाली आणायची चळवळ पुढच्या तीसेक वर्षांत मुंबईत उभी राहिली. ती सुधारणा होती, यात मला शंका नाही. पोटजातींच्या भिंती मोडणं सोपं नव्हतं. वैष्णव आणि स्मार्त, काशी मठ, गोकर्ण मठ आणि कवळे मठ, एवढी कुंपणं ओलांडायची होती. पण भिंती मोडायला जो हातोडा घेतला तो पुराणाचा होता. आपण सगळे त्रिहोत्राहून आलेल्या त्याच दहा गोत्रांचे, म्हणून एक. ज्यांची नावं त्या यादीत नव्हती त्यांना या एकीत जागा नव्हती.

एक तपासणी कुणीही करावी. सह्याद्रिखंडाच्या अध्यायाच्या शेवटी 'इति श्रीस्कंदपुराणे सह्याद्रिखंडे' असं येतं आणि तेवढ्यावर ग्रंथ व्यासांचा ठरतो. पण स्कंदपुराणाच्या रूढ छापील प्रतीत सात खंड आहेत: माहेश्वर, वैष्णव, ब्राह्म, काशी, अवंती, नागर, प्रभास. सह्याद्रिखंड त्यांत नाही. पुराण फुगत गेलं की स्थानिक माहात्म्यं स्कंदाच्या नावावर चढवायची, ही शेकडो वर्षांची रीत होती. त्यामुळं ग्रंथ टाकाऊ ठरत नाही. कुठल्या शतकात कुठल्या गावाला आपला इतिहास लिहून घ्यावासा वाटला, हे सांगणारा त्याच्यासारखा साक्षीदार दुसरा नाही. फक्त त्याला परशुरामाच्या काळाचा साक्षीदार समजू नये.

आणि १४ पोथ्या हा आकडा पुरेसा आहे का? तुलनेसाठी पुण्याचं उदाहरण घ्या. भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. ते संपलं १९६६ साली, १९ खंडांत. १९२५पासून त्याची धुरा वाहिली विष्णु सीताराम सुखटणकरांनी. त्यांच्या आदिपर्वाला सुमारे ६० हस्तलिखितांचा आधार आहे. प्रती नुसत्या मोजायच्या नसतात, त्यांचं कूळ लावायचं असतं. दहा पोथ्या एकाच पोथीच्या नकला असतील तर त्यांची साक्ष एकच. काश्मीरची शारदा लिपीतली प्रत आणि केरळची मल्याळम लिपीतली प्रत एकमेकींना न भेटता एकच पाठ देत असतील, तर तो जुना. सह्याद्रिखंडाच्या बाबतीत अशी कुळं लावायची तर कुठली पोथी कुणाच्या घरातून आली, त्या घराचा वादात कुठला पक्ष होता, हे आधी विचारायला हवं. पोथीचं कूळ आणि मालकाचं कूळ इथं वेगळं काढता येत नाही.

मुंबईत या छापील शोधांनी सुधारणेला जे बळ दिलं ते खरं बळ होतं. त्यात गोव्याचा वाटा मोठा आहे, तो आपण विसरतो. भाऊ दाजी लाड १८२२ साली मांजऱ्यात जन्मले. बालहत्येविरुद्ध निबंध लिहिला, विधवाविवाहाच्या बाजूनं उभे राहिले आणि त्याच हातांनी जुने शिलालेख वाचले, आर्यभट आणि वराहमिहिर यांचे काळ ठरवायला घेतले. ज्या आशियाई संस्थेत आधी फक्त साहेब बसत, तिथं ते उपाध्यक्ष झाले. शिलालेख वाचणं आणि विधवेला लग्नाची मोकळीक मागणं ही त्यांच्या लेखी दोन कामं नव्हती. जुनं खरोखर काय होतं ते दाखवलं की आजचं जुनं म्हणून मिरवणारं उघडं पडतं, अशी त्या पिढीची श्रद्धा होती.

१८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजालाही अशीच छापील शिदोरी मिळाली. १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारच्या आश्रयानं तुकारामाच्या गाथेची आवृत्ती निघाली. देहू, तळेगाव, पंढरपूर इथल्या वह्या ताडून साडेचार हजारांवर अभंग नक्की केले गेले. संपादक दोघं, शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णुशास्त्री पंडित. पैसा सरकारी, पद्धत युरोपात घडलेली, आणि दोघांतले विष्णुशास्त्री विधवाविवाहाच्या चळवळीचे पुढारी. त्यांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांचं पुस्तक मराठीत आणलं होतं. त्या पुस्तकाचा सगळा डोलारा पराशरस्मृतीतल्या एका श्लोकावर उभा आहे:

नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ ।
पञ्चस्वापत्सु नारीणां पतिरन्यो विधीयते ॥

नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच संकटांत बाईला दुसरा पती विहित आहे. अर्थ सरळ दिसतो. पण विरोधकांनी शेवटच्या शब्दाला धरलं. व्याकरणाप्रमाणं 'पति' शब्दाची सप्तमी 'पत्यौ' होते, 'पतौ' नव्हे. मग 'पतिते' आणि 'पतौ' यांच्यामध्ये एक 'अ' लपलेला आहे, म्हणजे मूळ शब्द 'अपतौ', म्हणजे जो अजून पती झालेला नाही, फक्त वाङ्‌निश्चय झालेला. एका न दिसणाऱ्या 'अ'नं विधवेचं लग्न साखरपुडा मोडलेल्या मुलीचं लग्न ठरलं. पराशरस्मृतीवरच्या माधवाचार्यांच्या टीकेत तर हा नियम दुसऱ्या युगासाठीचा ठरवला होता. विद्यासागरांचं उत्तर असं की पराशर कलियुगासाठीच आहे, मग त्यानं दुसऱ्या युगाचं का सांगावं? १८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढं या सगळ्याचा वाद झाला आणि निकाल सुधारकांच्या विरोधात गेला.

हा श्लोक मी इतका लांबवला, कारण ग्रंथावर सुधारणा उभी करण्याची रीत कुठं अडते ते इथं लख्ख दिसतं. ग्रंथाला न्यायाधीश केलं की विरोधकालाही तोच दरवाजा उघडा राहतो. ज्याला व्याकरण अधिक येतं तो जिंकतो आणि विधवा बाहेर उभी राहते. रामकृष्णपंत भांडारकरांना हे उमगलं होतं. त्यांच्याएवढं संस्कृत येणारा माणूस त्या काळी विरळा, तरी आपल्या विधवा मुलीचं लग्न लावताना ते श्लोकाच्या परवानगीसाठी थांबले नाहीत. दयानंदांनी उलटी वाट धरली. १८७५ साली मुंबईत आर्यसमाज काढताना त्यांनी फक्त वेद प्रमाण ठेवले आणि बाकीचं सगळं, पुराणं, मूर्ती, तीर्थं, वेदाबाहेरचं म्हणून नाकारलं. ही भूमिका परंपरेच्या पोटातून आलेली असली तरी तिला हवा देणारं वातावरण त्या शतकाचं होतं. जितकं जुनं तितकं शुद्ध, हे सूत्र कलकत्त्यापासून ऑक्सफर्डपर्यंतचे पंडित मांडत होते. मॅक्समुल्लरनं सायणभाष्यासह ऋग्वेद सहा खंडांत छापायला १८४९ ते १८७४ अशी पंचवीस वर्षं घालवली होती.

आता मांडवी ओलांडून इकडं या. हे सगळं मुंबईत चालू असताना गोव्यात काय होतं?

गोव्यात छापखाना मुंबईच्या कितीतरी आधी आला, १५५६ साली. पण तो पाद्रींचा. त्यातून थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत. सुमारे अकरा हजार ओव्या. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापलं, आणि तरीही त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो हातानं उतरवलेल्या वह्यांत. स्टीफन्सचं कोकणी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली निघालं. मिशनऱ्यांना लोकांची भाषा हवी होती, लोकांच्या पोथ्याही हव्या होत्या, त्यांचं खंडन करायला. रामायण-महाभारताच्या कथा कोकणी गद्यात आणि कृष्णदास शामाची मराठी रचना रोमन लिपीत उतरवलेल्या वह्या पोर्तुगालमध्ये ब्रागा इथल्या ग्रंथालयात आहेत. ज्या हातांनी देवळं पाडली त्यांच्याच दप्तरात आपलं सोळाव्या शतकातलं गद्य टिकलं, हे मान्य करताना घशात काहीतरी अडकतं, पण मान्य करायला हवं. नंतर तेही थांबलं. १६८४ साली व्हाइसरॉय असलेल्या आल्व्होरच्या काउंटनं फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी पोर्तुगीज बोलायला लागावं. १७५४ साली गोव्यातली छपाईच बंद झाली आणि १८२१पर्यंत बंद राहिली. इन्क्विझिशन कायमचं उठलं १८१२ साली. मुंबईत एल्फिन्स्टनच्या शाळा उघडत होत्या तेव्हा गोव्यातल्या हिंदूला स्वतःचं मासिक काढण्याइतकी जागाही नव्हती. म्हणून आपले भाऊ दाजी मुंबईचे झाले.

पोर्तुगीजांचं दुसरं ज्ञान कारभाराचं. १५२६ साली अफोन्सो मेशियानं तिसवाडीतल्या गांवकाऱ्यांचे, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थांचे, रिवाज लिहून काढले, त्याला फोराल म्हणतात. गांवकार कोण, कुळागर-खाजन कसं वाटायचं, सारा कसा भरायचा, वारसा कुणाकडं. उद्देश सारा वसूल करण्याचा. जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, देवळं गेली, गांवकाऱ्या कोमुनिदाद होऊन राहिल्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण हे महाल आले तेव्हा सरकारनं तिथल्या हिंदूंना रिवाज पाळू देण्याचं वचन दिलं, आणि मग ते रिवाज काय ते लिहून काढावं लागलं. १९व्या शतकाच्या मध्यावर फिलिप नेरी शाव्हियेरनं कोमुनिदादींचा इतिहास लिहिला. कुन्हा रिव्हारानं जुनी कागदपत्रं छापली, १८५७ साली स्टीफन्सचं व्याकरण पुन्हा काढलं आणि १८५८ साली कोकणी भाषेवर दीर्घ निबंध लिहून तिच्या गळचेपीबद्दल आपल्याच राज्यकर्त्यांना दोष दिला. रिव्हारा सरकारचा सेक्रेटरी होता. त्याची कळकळ खरी वाटते.

पण हिंदूंच्या रोजच्या जगण्यावर परिणाम केला तो १८८०च्या रिवाज-संहितेनं. १६ डिसेंबर १८८०चा हुकूम. त्यात हिंदू पुरुषाला पहिली बायको असताना दुसरी करायला कधी मुभा, हे कलमवार दिलंय: बायकोच्या वयाच्या पंचविशीपर्यंत मूलच झालं नाही तर, तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तर. आता याची पराशराच्या श्लोकाशी तुलना करा. तिथं पाच आपत्ती नवऱ्याच्या आणि मोकळीक बायकोला, इथं कमतरता बायकोची आणि मोकळीक नवऱ्याला. विशेष म्हणजे श्लोकावर वाद घालता आला, अर्थ फिरवता आले. कलमावर वाद घालता येत नाही. रिवाज गावात होता तेव्हा तो ढिला होता, घरागणिक वेगळा होता. पंचवीस आणि तीस हे आकडे आले की तो टणक झाला. हा हुकूम कोणाला विचारून लिहिला असेल? गावातल्या बायकांना विचारून नक्कीच नव्हे.

देवळांचंही तसंच. १८८६ साली माझानियांचा, म्हणजे देवळांच्या महाजनमंडळांचा, नियम आला, १९३३ साली तो बदलून पुन्हा आला. देवळाची मालकी महाजनांची, महाजनांची यादी करायची, यादी सरकारात मंजूर करून घ्यायची, आणि प्रत्येक देवळानं आपली नियमावली म्हणजे कोंप्रोमिस लिहायचं. महाजनकी बापाकडून मुलाकडं. सोळाव्या शतकात साष्टीतून, तिसवाडीतून देव रातोरात नदीपार नेले, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळात, केळशीची शांतादुर्गा कवळ्यात, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळात. देव नेताना कोण कोण होतं, होडी कुणी वल्हवली, पालखीला खांदा कुणी दिला, पहिली झोपडी कुणाच्या जमिनीत घातली, हे सगळं यादी करताना एका रकान्यात मावलं नाही. यादीत मावलं ते कूळ आणि आडनाव.

पोर्तुगालात ऑक्टोबर १९१०मध्ये प्रजासत्ताक आलं, एप्रिल १९११मध्ये धर्म आणि राज्य वेगळं करणारा कायदा झाला, आणि गोव्यातल्या हिंदूला पहिल्यांदा समान नागरिक म्हणून श्वास घेता आला. पणजीत सरस्वती मंदिर वाचनालय, मराठी शाळा, नियतकालिकं, मुंबईत १९१९ साली गोवा हिंदू असोसिएशन, हे सगळं त्या दशकातलं. मुंबईत पन्नास वर्षांपूर्वी जे झालं ते गोव्यात आता होत होतं, पण हत्यारं सगळी तिकडून आलेली, वापरून धार बदललेली.

१९२८ची शुद्धी हे त्याचं उदाहरण. मसूरकर महाराजांनी तिसवाडीत गावडा या जुन्या कष्टकरी जमातीतल्या हजारो ख्रिस्ती लोकांना हिंदू धर्मात घेतलं. त्यांना आजही नवहिंदू म्हणतात. शुद्धीच्या बाजूनं त्या काळी देशभर देवलस्मृती पुढं केली जाई. पुण्याच्या आनंदाश्रमानं १९०५ साली स्मृतींचा समुच्चय छापला, त्यात ती सुलभपणे मिळाली. सिंधूच्या काठी ऋषी देवलाला विचारतात, म्लेंच्छांनी नेलेल्यांना शुद्ध कसं करावं. देवल वर्षं मोजून प्रायश्चित्त सांगतो, आणि ही मोजणी वीस वर्षांपाशी थांबते. आता गावड्यांचा हिशोब करा. तिसवाडीतली धर्मांतरं सोळाव्या शतकातली. म्हणजे साडेतीनशे वर्षं, दहा-बारा पिढ्या. स्मृतीचा काटेकोर अर्थ घेतला तर एकही गावडा परत येऊ शकत नव्हता. ते परत आले. लोकांनी ठरवलं, गावानं स्वीकारलं. पण पुढं काय झालं हेही बघायला हवं: परत आलेले 'नव' राहिले. जुन्या हिंदू गावड्यांशी सोयरीक जुळायला पिढ्या लागल्या. शुद्धीचा विधी एका दिवसाचा असतो, पंगतीत पान मांडायचं काम लांब चालतं. त्याला कुठल्या स्मृतीचा आधार मिळत नाही.

धर्मानंद कोसंबींनी तिसरीच वाट काढली. १८७६ साली साखवाळात जन्म, शिक्षण जेमतेम, नारळीच्या बागेची देखरेख. बालबोध मासिकात बुद्धाबद्दल वाचलं आणि १८९९ साली घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, पुढं हार्वर्ड. त्या मासिकातला बुद्ध आला कुठून? १८३७ साली प्रिन्सेपनं अशोकाची ब्राह्मी वाचली, फाउसबोलनं १८५५ साली धम्मपद छापलं, १८८१ साली लंडनला पाली ग्रंथांची संस्था निघाली. हजार वर्षं कोकणातल्या शेताच्या बांधावर बुद्ध मूर्तीच्या रूपानं पडून होता आणि तो बुद्ध आहे हे कुणाला सांगता येत नव्हतं. युरोपातून फिरून तो साखवाळला आला. पण धर्मानंद भाषांतरांवर थांबले नाहीत. भिक्षूंच्या तोंडून पाली शिकले, विहारात राहिले, चीवर घातलं. ग्रंथ छापील असला तरी तो पाठ म्हणणारी माणसं अजून जिवंत आहेत, त्यांच्याकडं जायचं, ही त्यांची रीत. वसाहतीच्या पांडित्याला गोव्यानं दिलेलं सर्वांत सकस उत्तर मला यात दिसतं.

दुसरं उत्तर पांडुरंग पिसुर्लेकरांचं. १९३१पासून तीस वर्षं पणजीच्या पुराभिलेखाचे प्रमुख. राज्यकर्त्यांच्या दप्तरात बसून त्यांच्याच नोंदींतून मराठ्यांचा आणि गोव्यातल्या हिंदू वकिलांचा म्हणजे दरबारी दूतांचा इतिहास त्यांनी बाहेर काढला. त्या दप्तराचं काम किती किचकट आहे हे न पाहिलेल्याला कळणार नाही. पोर्तुगीज कागदावरची शाई लोहाची. ती कागद खाते. अक्षर जिथं दाट तिथं कागदाला भोक पडतं, पान उलटताना ओळ चुरा होऊन हातात येते. आपली मोडीची शाई काजळीची, ती कागद खात नाही, पण गोव्याच्या पावसाळी दमट हवेत पसरते. जुन्या गांवकारी नोंदी गोंयकानडी या जुन्या लिपीत, त्या वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कसर आणि वाळवी दोन्ही शायांना सारखीच. म्हणजे काय टिकलं हे लिहिणाऱ्याच्या महत्त्वावर जितकं ठरलं तितकंच शाईच्या घटकांवर.

आणि एक चळवळ अशी की जिला कुठलाच ग्रंथ उपयोगी नव्हता. कळावंत, भाविणी, देवळी या देवळाच्या सेवेतल्या समाजांच्या घरात मुलींना शेंस लावून, म्हणजे लग्नासारखा विधी करून, देवाला वाहायची रीत. तिला वेदाचा आधार नव्हता, स्मृतीचा नव्हता, पण विरोधात काढायला श्लोकही नव्हता. मुंबईतल्या सुधारकांची सगळी शस्त्रं इथं बोथट. राजाराम पैंगीणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी जे केलं ते साधं: शाळा, लग्न, सभा, लेखन. मुलगी शाळेत घालायची, शेंस लावायचा नाही, तिचं लग्न लावायचं, आईला मुलांच्या बापाचं नाव विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं. पैंगीणकरांच्या आत्मचरित्राचं नावच 'मी कोण'. त्यातून गोमंतक मराठा समाज उभा राहिला. दहा गोत्रं नाहीत, त्रिहोत्र नाही, सह्याद्रिखंडातलं एक पान नाही. आपण कोण, ते आपणच ठरवायचं.

गोव्यातल्या देवळाचा इतिहास लिहायला घेणाऱ्यानं महाजनांच्या यादीशेजारी त्याच देवळाचा जुना जमाखर्च मांडावा. यादीत जे नाहीत ते खर्चाच्या बाजूला सापडतात. वाजंत्री, दिवटीला तेल घालणारा, पालखीपुढं नाचणारी कळावंत, झाडलोट करणारी भावीण, धुणं धुणारा मडवळ, कौल लावणारा घाडी. काहींची नावं आहेत, काहींची नुसती सेवा लिहिली आहे. त्यांच्यापुढं भाताचा आकडा आहे, इतके कुडव, इतक्या खंडी, वीस कुडवांची एक खंडी. हा आकडा दरवर्षी त्याच जागी लिहिलेला असतो. एखाद्या वर्षी तो गाळलेला असेल, तर ते वर्ष कुठलं ते आधी बघावं.